भुलीआधीचा प्रश्न

९ डिसेंबर २०२४
तांडा, ता. महागाव

भिया,

जय सेवालाल. पत्र फाडण्याआधी एवढं वाच की मी भांडायला लिहिलेलं नाही. भांडायचंच असतं तर वाळूजला येऊन तुझ्या दारात बसले असते. तू कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेस म्हणून मला अडवू शकला असतास, असंही काही नाही. तुझा फोन मला नऊ वर्षं लागत नाही. पत्ता आपल्या तांड्याच्या सेवादास नाईकांकडून मिळवला. घरी आपण आईला याडी म्हणत, गोरमाटी बोलत वाढलो, पण लिहायला शाळेतली मराठीच शिकलो, त्यामुळे वाचताना बहीण परक्यासारखी वाटली तर समजून घे.

काम छोटं आहे. माझ्या पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. दोनदा पोटात अशी कळ उठली की अंगणवाडीची पोरं मदतनीस रामीबाईवर सोपवून मी तिथेच चटईवर आडवी झाले. पोरांना वाटलं, बाई आज आपल्याआधी झोपल्या. सोनोग्राफी झाली. पिशवी काढावी लागेल, दुर्बिणीतून, यवतमाळला. तिथे भूल देणाऱ्या डॉक्टर शीला मॅडम आहेत. त्यांनी विचारलं, घरात कुणाला ऑपरेशनच्या वेळी काही झालं होतं का. मी सांगितलं, माझा धाकटा भाऊ अमरसिंग हर्नियाच्या ऑपरेशननंतर त्याच दिवशी गेला. त्या म्हणाल्या, त्याची फाईल आणा.

फाईल तुझ्याकडे आहे. अमरच्या तेरवीनंतर पोलिसात तक्रार करतो म्हणून तूच ती पिशवीत घालून नेलीस. तक्रारीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही आणि आता विचारतही नाही. फक्त फाईल रजिस्टरने पाठव. झेरॉक्स चालेल, पण सगळी पानं पाठव. काळजीचं काही नाही. आम्हा अंगणवाडीवाल्यांसारखंच डॉक्टर लोकांचंही कागदाशिवाय पान हलत नाही.

भोजाईला नमस्कार. वैष्णवी बावीस वर्षांची झाली असेल. तिला सांग, तुला एक आत्या आहे.

तुझी बहीण,
बबिता


२३ डिसेंबर २०२४

भिया,

उत्तर नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं, तो आता मला पाहिलं की सायकल दुसऱ्या गल्लीने काढतो.

मागच्या पत्रात काळजीचं काही नाही असं लिहिलं, ते खोटं होतं. खरं आता लिहिते.

शीला मॅडम घाटंजीकडच्या, वयाने माझ्याएवढ्या, बोलणं आपल्याकडचंच. भुलीआधीची तपासणी म्हणून त्यांनी वजन घेतलं, तोंड उघडून पाहिलं, आणि मग आपली दोन बोटं माझ्यापुढे केली. म्हणाल्या, घट्ट पकडा, आता सोडा. मी सोडली. म्हणजे मनाने सोडली, बोटं काही उघडेनात. डिसेंबरचा गारठा, त्यात त्यांच्या खोलीत एसी. मी हसून वेळ मारून नेली. म्हटलं, "सोडून राह्यली न मॅडम, थंडीनं होते असं." त्या हसल्या नाहीत. त्यांनी छोट्या हातोडीने माझ्या अंगठ्याच्या मुळाशी टकटक केलं. अंगठा आत वळला आणि तसाच राहिला. तू पाहिला असतास तर तुला कळलं असतं, कारण तुझाही वळतो.

मग त्यांनी विचारलं की घरात हे आणखी कुणाला आहे. आपल्या घरात या प्रश्नाला गप्प बसायचं शिक्षण फार लवकर मिळतं. याडी म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मॅडमनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "बबिताबाई, तुमी सांगतलं नाही त मी अंधारात सुई मारीन. अन् मले तसं जमत नाही."

तेव्हा मी त्यांना बाची गोष्ट सांगितली. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करायचे तेव्हाची. बाने व्यापाऱ्याची बोटं धरली की ती सुटायचीच नाहीत. व्यापाऱ्याला वाटायचं, हा म्हातारा हट्टाला पेटला, आणि तो बिचारा आपणहून भाव सोडायचा. आख्ख्या बाजारात बाची पकड घोरपडीची म्हणून नाव होतं. बाही मिशीला पीळ देऊन म्हणायचा की आपले आजे-पणजे लदेणीचे, पाठीवर माल लादलेले बैल हाकायचे, त्यांची ही पकड. बोटं उघडतच नाहीत, हे फक्त आपल्या पाच जणांना ठाऊक होतं. मॅडम ऐकताना हसल्या आणि मग त्यांनी सगळं लिहून घेतलं.

त्यांनी मला नागपूरला नसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे दंडात बारीक सुया टोचून मशीनवर आवाज ऐकला, रक्त तपासायला बाहेर पाठवलं. आजाराचं नाव मायोटोनिक डिस्ट्रॉफी. नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले, तू घाई करू नकोस. रक्तातून येतो. आई-बापांपैकी एकाला असला की मुलाला येईल की नाही हे नाणं उडवल्यासारखं. स्नायू आवळले की लवकर सुटत नाहीत, पुढे हळूहळू कमजोर होतात, हृदयाचे ठोके मंदावतात. मला मूल राहिलं नाही त्यालाही कदाचित हेच कारण असेल. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर येतो. तुझा एक्केचाळिसाव्या वर्षी काढला होता, आठवतं? आणि तू वॉचमनच्या खुर्चीत भरदिवसा डुलक्या घेतोस असं नाईक हसून सांगत होते. मॅडम म्हणाल्या, तो आळस नसतो, तोही या आजारातच येतो. याडी तुला जन्मभर आळशी म्हणाली, तेवढं तरी पुसलं गेलं.

आता मुख्य गोष्ट. या आजाराच्या माणसाला भूल देणं नेहमीसारखं नसतं. झोपेच्या औषधाची इतरांना लागते तेवढी मात्रा आपल्याला दिली तर आपण नको तेवढे झोपतो. स्नायू सैल करायची एक सुई असते, तिने आपले स्नायू उलटे आवळतात, जबडा बसतो आणि श्वासाची नळी घालता येत नाही. दुखण्यावरच्या जोरदार सुया तर काही तासांनी, सगळं ठीक झालंय असं वाटत असताना, श्वास थांबवू शकतात. हे ऐकताना मला कोण आठवलं हे तुला सांगायला नको.

ऑपरेशन टाळूनही चालणार नाही. खडा नळीत अडकला तर घाईत करावं लागेल, आणि घाईत समोर जो डॉक्टर असेल त्याला माझं घराणं ठाऊक नसेल. तयारीने केलं तर धोका बराच कमी होतो, असं मॅडम म्हणतात. म्हणून त्यांना फाईल हवी. अमरला कोणत्या सुईनंतर काय झालं हे त्यांना पाहायचं आहे.

माझ्यावरचा राग ठेव. फाईल पाठव.

बबिता


५ जानेवारी २०२५

भिया,

आता लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, प्रेमसिंगलाही नाही. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्यापासून लपवलेली ही एकच गोष्ट. शेवयांच्या डब्यातले पैसे मी धरत नाही.

अमरचं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी हर्निया काढून टाकू म्हणून आपण त्याला नेलं, आणि त्याच दवाखान्यात नेलं, कारण मुलीचा मामा तिथे कंपाउंडर होता. घरचा माणूस आहे, नीट पाहील, असं तू म्हणालास आणि मलाही ते पटलं. आपण दोघांनी एवढा विचार केला. त्या मामाच्या डोळ्यांदेखत अमरचा हात तपासला जाईल, हा विचार मात्र मी एकटीने केला.

म्हणून मी थर्मासमध्ये गरम पाणी नेलं. मुलगी पाहायला पाहुणे आले की याडी आपल्या घरात काय करायची, आठवतं ना? दाराआड घमेलं ठेवून माझे हात गरम पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे चहाचा कप देताना बोटं वेळेवर सुटावीत. तेच मी केलं. दवाखान्याच्या मागच्या नळापाशी तांब्यात पाणी ओतून अमरची बोटं त्यात धरली. तो हसत होता. म्हणाला, "कावो बाई, मलेच पाहाले येऊन राह्यले काय पाहुणे?" तपासताना डॉक्टरने हात दाबायला सांगितला, अमरने दाबला आणि पटकन सोडला. मग डॉक्टरने मला विचारलं, घरात कुणाला स्नायूंचा, नसांचा काही आजार आहे का. मामा दारात उभा होता. मी नाही म्हटलं. डॉक्टरने परत विचारलं, नक्की? मी परत नाही म्हटलं.

ऑपरेशन झालं. बाहेर यायला त्याला फार वेळ लागला, तेवढ्यावर आपण देवाचे आभार मानले. दुपारी तो कण्हत होता. मी नर्सच्या मागे लागून दुसरी सुई मागितली, तू समोरच होतास. सुई दिल्यावर तो शांत झोपला. मी त्याच्या पायांवर चादर ओढली आणि तुला म्हटलं, आता आराम पडला पोराला. संध्याकाळचा चहा घेऊन आलो तेव्हा त्याचे ओठ निळे होते.

तेरवीला सगळ्या तांड्यापुढे तू म्हणालास, "तुह्यापायी गेला अमर. तूच सुई मागतली." मी एक शब्दही बोलले नाही. तुला वाटलं असेल, हिला काही वाटतच नाही. मला वाटत होतं की तू मला स्वस्तात सोडलंस. सुईचा आरोप मी मुकाट्याने घेतला, कारण थर्मासचा त्याहून मोठा होता आणि तो तुला ठाऊक नव्हता.

मी अंगणवाडीत रोज लोकांच्या घरातल्या गोष्टी विचारते. गरोदर बाईला खोदून खोदून विचारते, फिट येते का, आधीचं मूल कसं गेलं. कुणी लपवलं तर रागावते. माझ्याइतकं तोंड वर करून रागावणारी सेविका तालुक्यात नसेल.

परवा पुन्हा कळ आली. डोळे थोडे पिवळे दिसतात, तपासणी केली, खडा अजून नळीत पुरता अडकलेला नाही. मॅडम म्हणतात, महिन्याच्या आत करायला पाहिजे, फाईल आली तर आणखी बरं. मला मरायचं नाही, भिया. सरळ लिहिते. मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, मला अजून बरंच बोलायचं राहिलं आहे, आणि त्यातलं निम्मं तुझ्याशी आहे.

बबिता


१८ जानेवारी २०२५

भिया,

फाईल मिळाली. वर तुझी चिठ्ठी होती, "फाईल पाठवली. सगळी हाय." नऊ वर्षांनी भावाने लिहिलेले चार शब्द. मी ते पोस्टमनसमोरच वाचले आणि त्याच्यासमोरच रडले, आता तो खरोखरच या गल्लीत येणार नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेमसिंगला घेऊन यवतमाळला गेले. मॅडमनी बाहेरच्या दोन पेशंटना थांबवून एकेक पान वाचलं. मग मला समजेल असं सांगितलं. अमरला भूल देताना पहिल्याच सुईला त्याचा जबडा बसला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरने तसं लिहिलंय, आणि मास्क लावून त्याला कसंबसं सांभाळलं, असंही लिहिलंय. तो माणूस घाबरला असणार. त्याला कळत नव्हतं हे का होतंय, आणि ज्यांना कळत होतं ते आपण बाहेर बाकावर केळी खात बसलो होतो.

दुसऱ्या सुईचंही मॅडमनी पाहिलं. ती डॉक्टरच्या कागदावर आधीच लिहिलेली होती, वेळेसकट. मी मागितली नसती तरी त्याच वेळी दिली गेली असती. हे त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. मी तिसऱ्यांदा वाचायला सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हटलं, पण घरचा आजार सांगितला असता तर ती सुई लिहिलीच नसती ना? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, कदाचित नसती लिहिली.

ऑपरेशन सोमवारी, २७ जानेवारीला, सकाळी पहिलं. जबडा बसवणारी सुई वापरणार नाहीत. झोपेचं औषध थेंबाथेंबाने. अंग गार पडलं, कुडकुडलं की आपले स्नायू आवळतात, म्हणून आधीपासून गरम हवेचं पांघरूण. दुखण्यासाठी जखमेच्या जागी बधिर करायची सुई आणि साध्या गोळ्यांतलं औषध, अफूच्या जातीचं काही नाही. ठोके मंद झाले तर हृदयाला चालना देणारं मशीन शेजारी. नंतर वॉर्डात न नेता अतिदक्षता विभागात, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून, एक दिवस आणि एक रात्र. मॅडमनी हे सगळं कागदावर लिहून माझ्यासमोर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आणि नर्सला वाचून दाखवलं. मला लग्नातल्या याद्यांची आठवण झाली, पण यात रुसायला कुणी नव्हतं.

फाईलमध्ये आणखी एक कागद होता. त्याबद्दल आज लिहीत नाही. मला राग आलेला आहे आणि रागात लिहिलेलं पोस्टात पडलं की परत घेता येत नाही.

बबिता


२६ जानेवारी २०२५
दवाखाना, यवतमाळ

भिया,

भरती झाले. खिडकीतून शाळेची पोरं झेंडावंदन करून जिलबी खात जाताना दिसली. मला उद्यासाठी उपाशी राहायचं आहे, त्यामुळे त्यांचा राग आला. दुपारचे चार वाजलेत, लिहून घेते.

तो कागद. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भरलेला फॉर्म, अक्षर त्या कंपाउंडर मामाचं. कुटुंबात कुणाला स्नायूंचा किंवा मज्जातंतूंचा आजार आहे का? पुढे लिहिलंय, नाही. भूल दिल्यावर पूर्वी कुणाला त्रास? नाही. आणि खाली तुझी सही, धरमसिंग. मी तेव्हा खाली चहा आणायला गेले होते.

म्हणजे प्रश्न दोनदा विचारला गेला. एकदा मला आणि एकदा तुला. नऊ वर्षं तू मला सुईवरून बोल लावलास, माझ्या घरचं पाणी सोडलंस, याडी गेली तेव्हा तू बाहेरच्या ओट्यावर बसलास आणि माझ्याकडे पाठ केलीस. आणि हा कागद तुझ्या कपाटात होता. मला इतका राग आला की मॅडमच्या खोलीतच मी तुला शिवी दिली. गोरमाटीत दिली म्हणून बरं, त्यांना वाटलं मी देवाचं नाव घेतलं.

मग आज इकडे येताना एसटीत मला हलकं वाटायला लागलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं खरं. इतकी वर्षं मी समजत होते की खोटं बोलणारी मी एकटीच. आणि तू तो कागद काढून ठेवू शकला असतास. मी झेरॉक्स चालेल म्हटलं होतं, एक पान कमी आलं असतं तर कुणाला कळलं असतं? तू मूळ कागद पाठवलेस आणि वर लिहिलंस, सगळी हाय. पोलिसातली तक्रार तू का दिली नाहीस तेही मला आता कळलं.

आपण दोघं त्याचं लग्न वाचवायला गेलो आणि नवरदेवच गमावला. तू दुष्ट नव्हतास, मीही नव्हते. आपल्याला याडीने जे शिकवलं ते आपण केलं, आणि याडीला तरी कुणी काय सांगितलं होतं? मी तुला माफ केलं. तू मला माफ केलंस की नाही, ते तुझ्याजवळ ठेव. मला उद्या मोकळ्या छातीने झोपायचं आहे.

इथे एकच अडचण आहे. जोखमीच्या कागदावर माझ्या सहीखाली घरच्या माणसाची सही लागते आणि प्रेमसिंग करायला तयार नाहीत. मॅडम त्यांना समजावून थकल्या. ते एवढंच म्हणतात, "मी सही केली अन् हिले काई झालं त मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?" सकाळपर्यंत ऐकतील. नाही ऐकलं तर ऑपरेशन पुढे जाईल, आणि माझे डोळे रोज थोडे जास्त पिवळे होताहेत.

हे पत्र ते उद्या पोस्टात टाकतील. तेवढं तरी करतील.

बबिता


८ फेब्रुवारी २०२५

भिया,

तांड्यावर परत आले आहे. चार टाके, सगळे मिळून एका चमच्याएवढे. अंगणवाडीतल्या पोरांना दाखवले, त्यांना काही विशेष वाटलं नाही.

२६ तारखेचं पत्र तुला परत गेल्यावरच मिळालं असणार. म्हणजे तू आलास तेव्हा मी त्या कागदाबद्दल काय म्हणेन हे तुला ठाऊक नव्हतं. तरी आलास. हे मी इथे अंथरुणावर पडल्या पडल्या पुन्हा पुन्हा मोजते आहे.

मला तर काहीच माहीत नव्हतं. सकाळी नर्स म्हणाली, सही झाली, चला. मी समजले, प्रेमसिंगने धीर केला. आत गेल्यावर आधी त्यांनी ते गरम हवेचं पांघरूण घातलं. मॅडमनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं की त्या ऑपरेशन संपेपर्यंत हलणार नाहीत, आणि मला पोरांची नावं घ्यायला लावली. चाळीसपैकी सहा नावं झाली असतील. पुढचं आठवतं ते म्हणजे मॅडम सांगत होत्या, "बबिताबाई, डोकं उचला. उचलून धरा." मी धरलं. त्यांनी पाचपर्यंत मोजलं आणि मगच नळी काढली. अतिदक्षता विभागात दर थोड्या वेळाने कुणीतरी मला जागं करून मोठा श्वास घ्यायला लावायचं. एकदा मी नर्सवर चिडले. ती म्हणाली, चिडा, चिडलेला पेशंट आम्हाले आवडते.

ठोके मध्ये एकदा मंद झाले होते, मशीन लावावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी बोटाचा चिमटा उतरवला तेव्हा त्यांचे डोळे लाल दिसत होते. मी त्यांचे पाय धरायला गेले तर ओरडल्या, टाके तुटतील म्हणून.

प्रेमसिंगने मला तू आल्याचं तिसऱ्या दिवशी सांगितलं. नवऱ्याच्या पोटात गोष्ट तीन दिवस राहिली, हाही एक चमत्कारच. ते म्हणतात, सकाळी सातला तू पिशवी घेऊन जिन्यात दिसलास. ते बाकावर बसले होते, कागद मांडीवर तसाच. तू त्यांच्याशी काही न बोलता कागद उचललास आणि मॅडमकडे गेलास. म्हणालास, "मॅडम, मांगच्या टायमाले मी मामाच्या तोंडाकडं पाहून सही केलती. आज तुमी वाचा, मी आयकतो." मॅडमनी एकेक ओळ वाचली. कुटुंबात कुणाला आजार, या ओळीवर तू त्यांना थांबवलंस. बाहेर आपल्या तालुक्याची माणसं बसलेली, दोघं तर महागावच्या बाजारात रोज भेटणारे. तू म्हणालास, "हाय. माह्या बापाले होतं, अमरसिंगले होतं, बबिताले हाय. अन् मलेबी हाय." प्रेमसिंग म्हणतात, तू हळू बोलला नाहीस.

मग तू सही केलीस. मला बाहेर आणलं ते काचेतून पाहिलंस आणि ड्यूटी आहे म्हणून निघून गेलास. मी शुद्धीवर येईपर्यंत थांबला असतास तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. बहुतेक आधी भांडले असते. त्यामुळे गेलास ते बरंच झालं, पण पुढच्या वेळी थांब.

काल वैष्णवीचा फोन आला. तिचा आवाज याडीसारखा आहे. तिने सांगितलं की उद्या रविवारी तिला पाहायला पाहुणे यायचे होते. तू आधीच त्यांना फोन करून सांगितलंस, आमच्या घरात असा आजार आहे, मुलीची तपासणी अजून व्हायची आहे, हे ऐकून मग या. पाहुणे म्हणाले, कळवतो. अजून कळवलेलं नाही. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "आत्या, आधी मले सांग, तपासणीले नागपूरले कोनत्या दवाखान्यात जायचं?" मॅडमकडून चिठ्ठी मी कधीच लिहून घेतली आहे, तुझ्या नावाची आणि तिच्याही. दोघं मिळून या. इथे तांड्यावर उतरा, ज्वारीची भाकर आणि माझी बडबड मिळेल, नागपूरला मी सोबत येते.

पाहुणे आले नाहीत तर वाईट वाटून घेऊ नकोस. नऊ वर्षांपूर्वी हाच फोन आपण केला असता तर अमरचं लग्न कदाचित मोडलं असतं. मोडलं असतं तर मोडलं असतं. आज तो अडतीस वर्षांचा असता, बिनलग्नाचा, आणि तुमच्यामुळे माझं लग्न मोडलं म्हणून आपल्या दोघांशी रोज भांडत असता.

तुझी बहीण,
बबिता